काकाला आणायला बँड गेला होता

दुपारपासून हे लिहायचं टाळतोय. मधे चार्जर शोधायला उठलो आणि खाडीवर फिरून आलो. मला एका जागी बसवत नाही, त्याचं कारणही आज थोडं कळलं.

सकाळी नेरूळच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, माझी भाची तन्वी ऑटिस्टिक आहे. मग त्यांनी विचारलं, घरात अजून कोणी असं? ताईची सासू लगेच म्हणाली, "आमच्यात कोणी नाय." ताई मान खाली घालून बसली.

घरी आल्यावर आई बोलली, "आपल्यात हाय. तुमचा काका."

ऐंशीच्या दशकात बोनकोडे गावात आईबाबांची हळद होती. बँड सुरू झाला तसा काका, आपली तन्वी दाबते तसेच कान दाबून, मिठागरावर पळाला. सगळ्यांना वाटलं, मानपानावरून रुसला. आमच्यात रुसलेल्याला वाजतगाजत आणतात, म्हणून अख्खा बँड त्याच्या मागे मिठागरावर गेला. त्यानंतर काका कोणाच्याच घरी गेला नाही.

ताई हसता हसता रडली. "म्हणजे माझं काय चुकलं नाय?"

नाही चुकलं. आमच्या पुढच्या हळदीला बँड नाही, हे मी ठरवलंय. तुमच्या घरातला रुसका कोण, जरा नीट आठवून बघा.

थांबा. दारात काका उभा आहे. आईने फोन केला असणार. म्हणतोय, "आधी तो टीव्ही बंद करा. पोरगी कुठं हाय?"