क्लोरीन बंद करायचं राहिलं

मी टाकीपाशी पोचले तेव्हा अप्पांनी कंबरेला दोर बांधला होता. मॅनहोलचं झाकण उघडं होतं.

"अप्पा, थांबा! कुणी सांगितलं उतरायला?"

"सायबांनी. तुमचं औषध काम करून न्हाई राहिलं म्हणले."

लातूरच्या एका खासगी हॉस्पिटलचा हा सांडपाणी प्लांट. अप्पा तिथले ऑपरेटर, मी प्लांट साफ करून द्यायला नांदेडहून आलेली केमिस्ट. वर्ष दुष्काळाचं. शुद्ध केलेलं सांडपाणीच वॉर्डांतल्या संडासांना जायचं. पण टाकीत आणि पाइपांत जुना बायोफिल्म साचून पाइप बुजत आले होते. बायोफिल्म म्हणजे जंतूंनी स्वतःभोवती केलेला चिकट थर. क्लोरीन त्याच्या आत पोचत नाही. एन्झाइम तो चिकटपणा तोडतं, मग थर सुटतो. म्हणून पुरवठा थांबवून मी एन्झाइमचं औषध टाकी-पाइपांतून फिरवत ठेवलं होतं. तीन दिवस हॉस्पिटल टँकरवर होतं. सुटलं काहीच नव्हतं.

तेवढ्यात मॅनेजर आले. "मॅडम, उद्याचा टँकर नाही. अप्पा तासाभरात खरवडून देतील."

"सर, तळाशी विषारी वायू असतो. माणूस दोन श्वासांत पडतो. त्याला बाहेर काढायला उतरणाराही पडतो."

"आधी बी दोन डाव उतरलोय मी," अप्पा हळूच म्हणाले. "वर बाळंतिणी हायत, म्याडम. पाणी तर पायजे."

मी झाकण ओढून लावलं आणि त्यावरच उभी राहिले. अप्पांना म्हटलं, सकाळपासून काय काय करता ते सगळं सांगा.

"आल्या आल्या हायपो टाकतो. एक दिस चुकवलं न्हाई."

हायपो म्हणजे क्लोरीनच. त्यात एन्झाइम निकामी होतं. हायपो बंद ठेवा, असं मी मॅनेजरांना मेलमध्ये लिहिलं होतं. ते अप्पांपर्यंत पोचलंच नव्हतं, आणि मीही त्यांच्याशी बोलले नव्हते.

"सर, चूक माझी. अजून दोन दिवस द्या."

त्यांनी फोनाफोनी करून औशाकडून एक टँकर मिळवला. आम्ही पाण्यातलं क्लोरीन घालवलं, एन्झाइमचा नवा डोस दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी तपकिरी सालपटं वर यायला लागली. अप्पांनी ती लांब दांड्याच्या जाळीनं बाहेरूनच काढली. संध्याकाळी क्लोरीन पुन्हा सुरू केलं. पाण्याची तपासणी झाल्यावर तिसऱ्या दिवशी वॉर्डांना पाणी गेलं.

तेव्हापासून ज्याचा हात व्हॉल्व्हवर असतो, त्याच्याशी मी आधी बोलते. मेल नंतर. त्या दिवशी अप्पा उतरले असते, तर चौकशीत माझा मेल अगदी बरोबर ठरला असता.