अंबुअक्काला न आवडणारी यंत्रं

अंबुअक्काची टाकी वाहतेय, असं समोरच्या बाईंनी हाक मारून सांगितलं आणि मी दोशाच्या पिठाचे हात तसेच घेऊन धावले. तंजावरात रोज सकाळी कुणाची ना कुणाची टाकी वाहतच असते; मोटार लावायची आणि विसरायची, हा आमच्या राजवाड्यामागच्या गल्लीचा कुळाचारच आहे. पण अक्काची टाकी? शक्यच नाही. मी पोहोचले तेव्हा मोटार चालू होती, पन्हाळीतून पाणी कोसळत होतं, आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, खिडकीच्या गजांना डोकं टेकवून अक्का बसली होती. मोटार लावून टाकीकडे बघत बसली असणार... आणि बघता बघताच गेली. त्याला आता सात आठवडे झाले.

अंबुअक्का माझी आत्तेबहीण, माझ्याहून अठरा वर्षांनी मोठी. मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. यजमान लवकर गेले, एकुलता एक मुलगा मुकुंद चेन्नईला. त्यामुळे तिच्याकडे वेळ भरपूर होता आणि मतं त्याहून भरपूर. गल्लीत कुणाला मिक्सी घ्यायची असो की वॉशिंग मशीन, आधी अक्काच्या तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, हजेरी लावावी लागे. दुकानदार नंतर. अक्काचं म्हणणं असं की कुकरच्या शिट्ट्या मोजणारी बाई स्वयंपाक करत नाही, पहारा करते. खऱ्या सुगरणीनं वाफ बघावी आणि भिंतीवरचं घड्याळ बघावं. मिक्सीच्या झाकणावर तळहात ठेवावा, चटणी झाली की हाताला कळतं. वॉशिंग मशीन घ्यायचं तर पुढं काचेचं दार असलेलंच, कपडे फिरताना दिसले पाहिजेत. काम झालं की पीं पीं करणाऱ्या यंत्रांचा तिला मनस्वी राग. लाडावलेल्या पोरासारखी हाका मारतात, म्हणायची. दारावरची घंटा तर तिनं काढूनच टाकली होती. दिवसा दार उघडं ठेवावं आणि खुर्ची दाराकडे तोंड करून मांडावी, घंटेचं काम काय? टाकीसाठी तिची स्वतःची युक्ती होती. रिकाम्या डब्यावर काठी बसवून टाकीत सोडलेली, काठीच्या टोकाला लाल चिंधी. पाणी चढलं की चिंधी झाकणाच्या भोकातून वर येई आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसे. गल्लीतल्या निम्म्या टाक्यांवर आज लाल चिंध्या आहेत. मीसुद्धा तिच्या शब्दाखातर काचेच्या दाराचं मशीन घेतलं आणि गेली सहा वर्षं रोज कंबरेत वाकून कपडे काढते आहे, तिच्या नावानं बोटं मोडत.

पाच वर्षांपूर्वी एका दुपारी मी परसदारानं तिच्याकडे गेले. ती स्वयंपाकाच्या कट्ट्याशी पाठमोरी उभी होती. मी हाक मारली, मग आणखी एक, मग जरा चिडूनच तिसरी. माझ्या धक्क्यानं फळीवरचं पितळी ताट खाली पडलं, खणखणत गोल फिरत राहिलं. अक्का शांतपणे भेंडी चिरत होती. तेव्हा माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. शिट्ट्या, घंटा, पीं पीं... ज्यांना आम्ही इतकी वर्षं अक्काची मतं समजत होतो, ती मतं नव्हतीच. तिला ऐकू येत नव्हतं.

वळून माझा चेहरा पाहिला आणि तीही समजली. सुरी खाली ठेवून म्हणाली, "मुकुंदास नको सांगू. तो मज चेन्नईला अकराव्या मजल्यावर नेऊन बसवील."

तिची भीती खोटी नव्हती. एकट्या बाईला ऐकू येत नाही म्हटल्यावर कुठला मुलगा तिला एकटं ठेवील? आणि अक्काला हे घर, ही तिण्णै, हा सल्ल्याचा दरबार सोडायचा नव्हता. कानात घालायचं यंत्र तिनं तिरुच्चीला जाऊन गुपचूप आणलं होतं. त्यावरचं मत: भांडी मोठ्यानं बोलतात, माणसं पूर्वीइतकीच. शिवाय ते मुकुंदला दिसलं असतं. म्हणून ते डबीत गेलं. मी गप्प राहायचं कबूल केलं.

पण या गप्प राहण्याची किंमत मुकुंद मोजत होता. अक्का त्याचा फोन उचलत नसे. लिहून पाठव, एवढंच. वर्षातून दोनदा तो यायचा तेव्हा त्याचं ऐकावं लागू नये म्हणून ती अखंड स्वतःच बोलत राही. अम्मा माझं काही ऐकूनच घेत नाही, असं तो मला म्हणायचा, हसत, पण हसू खरं नसायचं. लिहिणं त्याला जमत नसे. आम्हा तंजावरकरांची मराठी घरात बोलण्यापुरती, शाळा सगळी तमिळमधून; आईशी बोलायची ती मराठी अक्षरांत आणायची कशी? म्हणून दर रविवारी तो आवाज भरून पाठवी. तिच्याकडून दोन शब्द तमिळ अक्षरांत परत जात: "ऐकलं. बरं."

त्याचे ते निरोप ऐकायची मी. अक्का फोन घेऊन येई, मी कान लावून ऐकत असे, मग तिच्यासमोर बसून, ओठ नीट हलवत, एकेक वाक्य तिला सांगत असे. मुलीची परीक्षा, गुडघ्याचं दुखणं, तुझ्या हातचं सांबार इथं कुणाला येत नाही. पाच वर्षं हे चाललं. हे बरोबर होतं का, मला अजून सांगता येत नाही.

तेराव्याच्या दिवशी पंगत उठल्यावर मुकुंद तिण्णैवर एकटाच बसला होता. म्हणाला, "मावशी, अम्माला माझा आवाज नको होता. कशानं, ते कळलं असतं तर..." मग मी सगळं सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. पण तो एवढंच म्हणाला, "म्हणजे 'ऐकलं' हे खोटंच."

मी म्हटलं, नाही रे. प्रत्येक निरोप ती माझ्याकडून दोनदा वदवून घ्यायची. पहिल्यांदा माझ्या ओठांकडे बघत. दुसऱ्यांदा मी बोलू लागले की डोळे मिटायची. एकदा मी वैतागले, डोळे मिटल्यावर तुला कळणार काय? तेव्हा ती म्हणाली, "शब्द तेवढे तू दे. आवाज मजपाशी आहे."

मुकुंद लहान मुलासारखा रडला, आणि मीही रडले.

आता तो दर रविवारी मला निरोप पाठवतो. खास काही नसतं. पाऊस, मुलगी, गुडघा. मी ऐकते. मग खुर्ची भिंतीवरच्या अक्काच्या फोटोकडे वळवून, ओठ नीट हलवत, सगळं दोनदा म्हणते.