मामांचा मुहूर्त आणि ओली धावपट्टी

लग्नसराईत शेठचं विमान चालवणं म्हणजे डोक्याला ताप. गोष्ट दोन हजार सालच्या आसपासची. वसईहून अंधारात गाडी काढायची, हायवेच्या ट्रकांतून वाट काढत मुंबईचा विमानतळ गाठायचा आणि इंधन भरून शेठची वाट बघत बसायचं. घरी परतलो की आई विचारायची, "आज कुठं पानीबिनी नव्हतं ना रे?" वसईजवळच्या जूचंद्रची ती, भातशेतीत जन्म गेलेला. ओल्या धावपट्टीवर विमान थांबायला जास्त जागा घेतं, हे मीच तिला कधीतरी सांगून बसलो होतो.

त्या दिवशी शेठच्या भाचीचं लग्न होतं, घाटावरच्या त्यांच्या गावी. मुलीला बोहल्यावर मामाने आणायचं, आणि मामा आमच्या विमानात. गावाजवळची धावपट्टी आखूड. आमच्या लहान जेटला कोरड्यात पुरायची, पण जेमतेम. एका टोकाला डोंगर, त्यामुळे उतरायचं एकाच बाजूने.

पोचलो तर खाली पट्टी चकाकत होती. अवकाळी सर नुकतीच येऊन गेलेली. वाऱ्याची पिशवी बघितली, तर वारा पाठीमागून. म्हणजे विमान थांबणार कुठे? कुंपणापलीकडच्या उसात. आमचा नियम ठरलेला होता. ठरल्या खुणेआधी चाकं टेकणार नसतील तर जोर लावून पुन्हा वर. एकदा खाली येऊन बघितलं, खूण मागे गेली, वर घेतलं. वारा पडेल म्हणून घिरट्या घातल्या. पडला नाही. पुण्याला जाण्यापुरतं इंधन उरलं तेव्हा विमान वळवलं.

शेठ उठून पुढे आले. "अहो, माझ्याशिवाय पोरीला मांडवात कोण आणणार? मांडव दिसतोय खाली!"

"दिसतोय. पण उतरलो तर थांबता येणार नाही."

ते रडवेले झाले होते. मलाही भरून आलं, पण विमान पुण्याकडेच चाललं.

पुण्याहून ते गाडीने पोचेपर्यंत अक्षता पडून गेल्या होत्या. मुलीला चुलतमामाने आणलं. आणि आमच्यानंतर थोड्याच वेळात वऱ्हाडातल्या कुणाचं तरी, अगदी आमच्यासारखंच जेट त्याच पट्टीवर उतरलं. व्यवस्थित. तोवर वारा पडला होता की त्या वैमानिकाचं नशीब, कोण जाणे. न झालेल्या अपघाताचा पुरावा आणायचा कुठून? या कामात मी सगळ्यात जास्त दमलो ते याच एका गोष्टीने.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या विमानतळावर शेठनी मला बाजूला घेतलं.

"खरं सांगा. तुम्ही मला वाचवलंत, की घाबरलात?"

"घाबरलो," मी म्हणालो. "घाबरलो म्हणूनच वळलो."

मुंबईला उतरलो. शिडीवरून खाली आल्यावर ते थांबले.

"उद्यापासून येऊ नका. मला न घाबरणारा माणूस पाहिजे."

आठवड्याभरात तो त्यांना मिळालाही.