पाण्यापलीकडची साळू

आधीच सांगून टाकते. मी हायस्कुलात फिजिक्स शिकवलं. नजर लागणं, अंगात येणं, भिंतीवरच्या सावल्या... या सगळ्याला मी आयुष्यभर हसत आले, आजही हसते. फक्त एका दुपारचं हसू येत नाही. ती जशी घडली तशी लिहिते.

साल १९६१, मे महिना. आम्ही तंजावरचे मराठी. घरात आमची जुन्या वळणाची मराठी, दाराबाहेर तमिळ, शाळेत इंग्लिश. (हे देवनागरी मी लग्नानंतर पुण्यात आल्यावर शिकले.) घरी माझा थोरला भाऊ अण्णा, धाकटी कमळा आणि आमची विधवा आत्या. आईवडील गेल्यावर आत्यानंच आम्हाला वाढवलं होतं. कमळाचं लग्न कुंभकोणमच्या एका घरात ठरत आलं होतं. ती मंडळी होकार द्यायला यायची होती, आणि नेमकी त्याच आठवड्यात ती बाई आमच्या दारात उभी राहिली.

मार्गारेट तिचं नाव. साठीची, ऑस्ट्रेलियातल्या होबार्टची, नर्सची नोकरी करून निवृत्त झालेली. तिच्या खापरपणजीनं म्हणे नवऱ्याला विष घातलं, म्हणून तिला काळं पाणी झालं. आधी मॉरिशस, तिथून पुढे ऑस्ट्रेलिया. तिकडच्या घरात तिला सॅली म्हणत. ती तंजावरची मराठी बाई होती, एवढाच माग मार्गारेटला लागला होता. गावात विचारत फिरताना कुणीतरी आमचं घर दाखवलं. कारण कुजबुज होतीच... या घरची एक सून समुद्रापार गेली म्हणून.

आमच्याकडे मात्र त्या सुनेचा विषय काढायची सोय नव्हती. तिचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

"त्या वेळ्ळैक्कारीला बाहेरच्या बाहेर वाटेला लाव," आत्या आतून म्हणाली. गोरीला आम्ही तमिळ शब्दच वापरायचो. "खुनी घराणं म्हणतील. पोरीचं लग्न मोडेल."

"आत्या, उन्हात उभी आहे गं ती. पाणी तरी देऊ?"

"पाणी दे. बसवू नको."

पण पाणी पिता पिता मार्गारेटला घेरी आली. मी तिला धरून आत आणलं, खुर्चीवर बसवलं. आत्या रागानं बाहेर आली आणि तिच्याकडे बघत राहिली. मग समोर जमिनीवर बसली. मी दोघींच्या मध्ये. अण्णा दाराबाहेर तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, पेपर वाचत होता.

आत्याला इंग्लिशचा गंध नव्हता. मार्गारेटला "वणक्कम"च्या, म्हणजे नमस्काराच्या, पुढे काही येत नव्हतं. मी इकडचं तिकडे सांगत होते.

"कशाला आलीस, विचार तिला."

मी विचारलं.

"तिनं ते खरंच केलं का, एवढंच विचारायला," मार्गारेट म्हणाली. मी ते आत्याला सांगितलं.

आत्या खालच्या आवाजात म्हणाली, "साळू तिचं नाव. तिनं काही केलं नाही. विष सासूनं कालवलं होतं, सुनेसाठी. ताटं बदलली नि लेक मेला."

हे मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"मग तिला जाऊ कसं दिलं?" मार्गारेटनं विचारलं.

"घरातल्या बायकांना ठाऊक होतं. सासू फासावर गेली असती, म्हणून गप्प बसल्या. माझ्या आजीनं मरताना मला सांगितलं. मीही गप्पच बसले."

"आणि तान्हं मूल?"

"जगलं. जावेनं पाजलं. आम्ही सगळी त्याचीच."

मार्गारेटनं छातीशी हात घट्ट धरले. "शेवटचं पाजूसुद्धा दिलं नाही मला," ती म्हणाली.

मला?

मी तिच्याकडे वळले आणि तेव्हा लक्षात आलं... साळूचं नाव निघाल्यापासून मी तोंड उघडलंच नव्हतं. आत्या मराठीत बोलत होती, मार्गारेट इंग्लिशमध्ये, आणि दोघी एकमेकींना सरळ उत्तरं देत होत्या. मी बोलायला गेले तर जीभ टाळूला चिकटलेली. भर मे महिन्यात माझे पाय गार पडले होते.

मग आत्या डोळे पुसत उठली. "ताक चालतं का, विचार हिला," मला म्हणाली.

मार्गारेटनंही माझ्याकडे बघितलं. "त्या काय म्हणाल्या?"

निघताना तिनं माझे हात हातात घेतले. "इतकं अवघड बोलणं तुम्ही किती हळुवार सांगितलंत. बाळाचं तर मला काहीच माहीत नव्हतं. तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं."

पण बाळाचं आधी तिनंच विचारलं होतं!

ती गेल्यावर अण्णा आत आला. "तू का गप्प बसली होतीस? दोघींचेच आवाज येत होते. आत्याला इंग्लिश कधीपासून कळायला लागलं?"

कुंभकोणमची मंडळी आली तेव्हा आत्यानं त्यांना सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. लग्न मोडलं. कमळा किती दिवस आत्याशी बोलली नाही. पुढे पापनाशमच्या एका शिक्षकाशी तिचं लग्न झालं, त्यांनाही आत्यानं आधी सांगितलंच. त्या वर्षी पितृपक्षात आत्यानं तिरुवैयारूला कावेरीत अण्णाकडून साळूच्या नावानं पाणी सोडवलं.

मी पुष्कळ डोकं चालवलं. चेहऱ्यावरून कळलं असेल, हातवाऱ्यांवरून कळलं असेल... पण विष, जाऊ, ताटं? हातवाऱ्यांनी? की बोलले मीच, आणि मलाच आठवत नाही? मग अण्णाला माझा आवाज कसा आला नाही?

आत्या शेवटच्या आजारात होती तेव्हा न राहवून मी म्हटलं, "आत्या, त्या दुपारी मी काहीच सांगितलं नव्हतं गं."

"वेडी का तू?" ती म्हणाली. "तुझ्याच तोंडून तर ऐकलं सगळं. हुंदके देत होतीस, नि तरी सांगत होतीस."

मी त्या दुपारी रडले नव्हते. एवढं एकच मी खात्रीनं सांगू शकते.