जे पास केलं ते घरी ने

नाकताईंचं खरं नाव शेडमध्ये आता कुणालाच आठवत नाही. हजेरी घेताना कारकून ते मोठ्याने वाचतो, तेव्हा त्या स्वतःसुद्धा क्षणभर इकडेतिकडे बघतात, ही कोण बुवा?

मासळी तपासून भरायची ती शेड. तिथल्या एकाच स्टुलावर त्या बावीस वर्षं बसतात. समोरच्या पत्र्याच्या टेबलावर क्रेट येतो. ताई वरचा थर सारतात, तळातून एक कोळंबी उचलतात, तिचं डोकं मोडतात, नाकाशी नेतात आणि एकच शब्द बोलतात. "पास." नाहीतर "बाद." मुकादमाने कितीही आदळआपट केली तरी त्या शब्दावर अपील नाही.

शेडचा आणखी एक नियम आहे. जुन्या मालकाने घातलेला. मालक गेला, नियम राहिला. दिवसाच्या शेवटी जो माल पास झाला, त्यातली अर्धा किलोची पिशवी तपासणाऱ्याने घरी न्यायची आणि घरच्यांना खाऊ घालायची. "जे पास केलं ते घरी ने," मालक म्हणायचा, "स्वतःच्या पोरांच्या ताटात पडणार म्हटलं की माणूस नीट हुंगतो." पहिली दोन वर्षं ताईंना वाटायचं, काय दिलदार मालक! मग कळलं, दिलदार नाही, हुशार होता.

दीड महिन्यापूर्वी ताईंना ताप आला. चार दिवसांनी ताप गेला, आठवड्याने सर्दी गेली, आणि जाताना वास सोबत घेऊन गेली. कामावर परतल्यावर पहिलीच कोळंबी त्यांनी नाकाशी नेली आणि काही नाही. काच हुंगावी तसं. दुसरी नेली, तिसरी नेली. अंगाला दरदरून घाम सुटला, आणि त्या घामालाही वास नव्हता.

टेबलापलीकडे पाइपवाली उभी असते. रबरी पाइपने क्रेट धुणारी, गोल, बोलकी बाई. तिच्या पोटात काही राहत नाही आणि चेहऱ्यावर तर त्याहून राहत नाही. माल उतरलेला असला की तिची डावी नाकपुडी वर जाते. तिला स्वतःला याचा पत्ता नाही. ताईंना होता. त्या दिवसापासून ताई कोळंबी नाकाशी न्यायच्या, आणि बघायच्या मात्र पाइपवालीकडे. नाकपुडी वर, बाद. नाकपुडी जागेवर, पास. दीड महिना दुसरीच्या नाकावर नोकरी चालली, आणि चुकली नाही एकदाही.

आज सकाळी पाइपवाली आजी झाली.

नातू झाला म्हणून ती दिवसभर हसत होती. पाइप धरून हसत होती, क्रेट ढकलताना हसत होती, मुकादमाने झापलं तरी हसत होती. दिवसभरात आलेले अकराही क्रेट ताईंनी पास केले, पिशवी घेतली, बस पकडली. तिसऱ्या थांब्यावर त्यांच्या लक्षात आलं की आज दिवसभरात ती नाकपुडी एकदाही हलली नाही. बावीस वर्षांत असा दिवस त्यांनी पाहिला नव्हता. रोज दोन-तीन क्रेट तरी बाद निघतातच.

ते अकरा क्रेट मुलींच्या वसतिगृहाच्या भटारखान्यात जायचे होते. गाडी साडेसातला सुटते.

तीन जिने चढून त्या घरी पोहोचल्या तेव्हा साडेसहा वाजून गेले होते.

"आई, भूक!" लेकीने टेबलावरच्या वह्यांतून मान वर न करता जाहीर केलं. उद्या तिची परीक्षा.

"चपला तरी काढू दे."

"काढता काढता सांगता येतं. काय आहे?"

"कोळंबीचा पास्ता. वीस मिनिटं."

"तुझी वीस की घड्याळाची?"

खिडकीजवळच्या खुर्चीतून सासूबाई बोलल्या, "म्हणजे आज परत सुतळी."

"सुतळी नाही हो आई, पास्ता."

"दातात अडकते ती सुतळी."

"दात राहिलेत किती तुमचे?"

"अडकायला पुरतात."

नवरा दुपारपाळीला, तो दहाला यायचा. या घरात संध्याकाळी तिघीच. आणि तिघींसाठी लवकर होणारं, एका पातेल्यात नि एका कढईत आटपणारं, असं पास्ता एवढंच. ताईंनी पाणी चढवलं, मूठभर मीठ टाकलं. शेजारी तेल, तेलात चिरलेला लसूण. पिशवी सिंकमध्ये उपडी केली. हात आपोआप चालू लागले. डोकं, पाय, साल, शेपूट. डोकं, पाय, साल, शेपूट. मन कुठेही असलं तरी हे हात थांबत नाहीत.

आज डोकी फारच आज्ञाधारकपणे निघत होती, ताज्या कोळंबीची निघत नाहीत तशी.

ताईंनी एक कोळंबी दिव्याकडे धरली. डोळा म्हणाला, ठीक आहे. बोटांनी दाबली. बोटं म्हणाली, ठीक आहे म्हणवत नाही. त्यांनी ती नाकाशी नेली. डोळे मिटले. जोरात श्वास घेतला. छातीत फक्त हवा भरली. परत घेतला. दीड महिना रोज उशाशी साबण ठेवून त्या हेच करत होत्या, आज येईल, उद्या येईल.

"अगं लसूण!" सासूबाई ओरडल्या. "जळून कोळसा झाला तो! तू तिथेच आहेस ना?"

लेक धावत आली, गॅस बंद केला. कढईतून काळा धूर सरळ ताईंच्या तोंडावर येत होता.

"आई? तुझ्या नाकासमोर धूर आहे."

"लक्ष नव्हतं."

"तुझं? शेजाऱ्यांचा भात लागला तर तू इथून सांगतेस!"

"लक्ष नव्हतं म्हटलं ना. जा, अभ्यास कर."

लेक गेली, पण वही उघडली नाही. ताईंनी कढई घासली. घड्याळात सहा पन्नास. पाणी उकळायला लागलं होतं. त्यांनी पास्ता सोडला, कारण पाणी उकळलं की पास्ता सोडायचा असतो आणि पुढे काय करायचं ते ठरलेलं नव्हतं.

पिशवी कचऱ्यात टाकली की घरापुरतं भागत होतं. टोमॅटो होते, मिरपूड होती, कुणी विचारलंही नसतं. पण मग अकरा क्रेट. आणि फोन करायचा तर सांगायचं काय? मला वास येत नाही, एवढंच. चार शब्द. त्यानंतर स्टूल गेलं. मग बर्फाचं टेबल. तरुणपणी चार वर्षं त्यांनी तिथे कोळंबी सोलली होती, आठ तास उभं राहून, कोपरापर्यंत गार पाण्यात हात. संध्याकाळी घरी आल्यावर ब्लाउजचे हुक लागत नसत, बोटं वळतच नसत. तेव्हा त्या चोवीसच्या होत्या. आता पन्नाशीला टेकल्या होत्या, आणि आत्ताच तीन जिने चढताना दोनदा थांबल्या होत्या. खरं बोलायला काही ना नव्हती. फक्त ते आजच नको होतं. एखाद्या झोप झालेल्या दिवशी बोलता आलं असतं.

बरं, माल चांगलाही असेल. उगाच कशाला गावभर बोंब?

लेकीला ताजं-शिळं कळत नसे. हे ठरवायला घरात एकच नाक होतं, सासूबाईंचं. आणि नेमकं तेच.

लग्नानंतरच्या तिसऱ्या दिवशी नवी सून दारातूनच म्हणाली होती, "दूध नासलंय." सासूबाईंनी पातेल्यावरचं झाकणसुद्धा काढलेलं नव्हतं. तो अपमान त्यांनी वीस वर्षं जपून ठेवला होता. "आमच्याकडे सून नाही, कुत्रं आलंय पोलिसांचं," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. त्यांच्यासमोर जाऊन हे म्हणायचं!

ताईंनी सोललेली कोळंबी ताटलीत घेतली आणि खुर्चीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो आई, जरा वास घ्या."

सासूबाईंनी ताटलीकडे पाहिलं, मग सुनेकडे. "मी?"

"हो."

"मी घ्यायचा वास, आणि तुझ्यासाठी?"

"गंमत नको. सात वाजत आलेत."

"येत नाही ना तुला?" सासूबाईंचा आवाज एकदम खाली आला. "तापापासून?"

ताईंनी मान डोलावली.

"मला वाटलंच. दीड महिना मी उशीखाली वेलचीची बिस्किटं ठेवून रोज दोन खातेय. एरवी तू उंबऱ्यातूनच ओरडली असतीस, आई, साखर! पहिले चार दिवस मजा आली. मग बिस्किट गोड लागेना." त्यांनी हात पुढे केला. "आण इकडे. एकेक दे. ढीग नको."

ताईंनी एक दिली.

"चांगली."

दुसरी. "चांगली."

तिसरी नाकाशी नेताच सासूबाईंनी मान मागे घेतली. "ही नाही. झोंबतेय." चौथी. "शी! ही तर मुतारी आहे." पाचवी चांगली निघाली, सहावी नाही. "दोन दिवसांचा माल एकात मिसळलाय कुणीतरी. वर ताजा, खाली शिळा."

लेक केव्हाच येऊन भिंतीला टेकून उभी होती. तिने ताईंचा फोन शोधून हातात दिला.

मुकादमाने फोन उचलला तेव्हा मागे इंजिनाचा आवाज होता. "बोला नाकताई. पटकन बोला, ताडपत्री बांधतोय."

"बांधू नका. आजचे अकराही क्रेट खाली घ्या."

"का? तुमचेच तर पास आहेत."

"पास केले, पण वास घेतला नाही."

"म्हणजे? समोर बसून हुंगत होतात की!"

"मला वास येत नाही, मुकादम. दीड महिना झाला."

मग मुकादम म्हणाला, "आणि दीड महिना माल कसा काय तपासला?"

"पाइपवालीच्या तोंडाकडे बघून."

"काय?"

"तिची डावी नाकपुडी वर जाते. आज गेली नाही. नातू झालाय ना."

"ताई," मुकादम म्हणाला, "मी आत्ता हसू का डोकं आपटून घेऊ, सांगा." आणि मग फोन बाजूला धरून त्याने अशी आरोळी ठोकली की इकडे लेकही दचकली. "गाडी बंद कर! बंद कर म्हणतो ना! अकरा क्रेट खाली!" परत फोनवर येऊन तो थकलेल्या आवाजात म्हणाला, "बघतो आणि कळवतो. जेवून घ्या तुम्ही."

पास्ता तोवर नको इतका शिजला होता. लेकीने तो निथळला. ताईंनी नवा लसूण चिरला. या वेळी सासूबाई ओट्याशी खुर्ची ओढून बसल्या आणि "आता तांबूस झाला, आता टाक" असं सांगत राहिल्या. फ्रीझरमध्ये शनिवारची माकूळ होती, कड्या कापून ठेवलेली.

"ही कुणी पास केलेली?" लेकीने विचारलं.

"शनिवारी पाइपवाली आजी झालेली नव्हती," ताई म्हणाल्या, तरी ताटली सासूबाईंच्या नाकाखाली गेलीच. सासूबाईंनी सावकाश, अगदी स्टुलावर बसल्यासारखा वास घेतला.

"पास," त्या म्हणाल्या.

माकुळीला कढईत दोनच मिनिटं लागतात, तिसऱ्या मिनिटाला तिची चप्पल होते. वर लिंबू, मिरपूड, पास्त्याचं थोडं पाणी. तिघी बसल्या. सासूबाईंनी सुतळीबद्दल चकार शब्द काढला नाही.

"आई, चव तरी लागते का तुला?"

"खारट कळतं. आंबट कळतं. बाकी नुसतं गरम."

"मग रोज स्वयंपाक कसा करत होतीस?"

"सवयीने."

"सांगायचं होतंस."

"सांगून काय, तू हुंगायला आली असतीस शाळा सोडून?" ताई म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, "सांगायचं होतं, खरंय."

पावणेआठला फोन वाजला. अकरातले पाच क्रेट बाद निघाले होते. वसतिगृहाला उद्या दुपारी दुसरा माल जाईल. कोळंबी कुणी मिसळली ते मुकादम उद्या बघणार होता. मालकाच्या मुलाला त्याने सगळं सांगितलं होतं.

"काय म्हणाले?"

"फोन केलात हे बरं केलंत म्हणाले. आणि स्टूल नाही म्हणाले. नाक येईपर्यंत बर्फाचं टेबल. ते साडेसहाला सुरू होतं, ताई."

"माहीत आहे."

"हातमोजे घरचे आणा. शेडचे फाटलेत सगळे."

"हो."

"आणि ताई..." मुकादम जरा घुटमळला. "नाकपुडीचं पाइपवालीला सांगू नका. मला लागेल ती नाकपुडी आता."

ताईंनी फोन ठेवला. लेक ताटं उचलत होती. सासूबाईंनी विचारलं, "किती वाजता?"

"साडेसहा. म्हणजे पावणेपाचला उठायचं."

"मी उठवीन. मला झोप कुठे असते."

"उठवा," ताई म्हणाल्या. त्यांना खुर्चीतून उठायचं होतं, हातमोजे शोधायचे होते, कढई भिजत घालायची होती. त्या तशाच बसून राहिल्या. लेकीने नळ सोडला. कढई तिने घासायला घेतलेली बघून ताईंनी पाय समोरच्या खुर्चीवर टाकले.