लाडवाच्या पुडीतला क्वोल

अन्याय क्वोलवर झाला. २०१७च्या सप्टेंबरमध्ये, डब्लिनच्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या शनिवारी, आरती संपल्यावर दहा मिनिटांत, सँट्रीच्या हॉलच्या किचनमध्ये. करणारे आपलेच लोक. त्यात मीही आले.

क्वोल म्हणजे न्यू गिनीच्या डोंगरी जंगलातला छोटा शिकारी. मांजराच्या पिल्लाएवढा, तपकिरी अंगावर पांढरे ठिपके. कांगारूचा लांबचा नातलग. मादी पिल्लांना पोटाच्या पिशवीत वाढवते. दिवसा झोपतो, अंधारात किडे, पक्षी, उंदीर मारून खातो. आणि तो राहतो ती झाडं लाकडासाठी तोडली जातात.

मी तेव्हा डब्लिनजवळ मेनूथच्या विद्यापीठात एम.एस्सी. करत होते. आमच्या पाच-सहा जणांच्या गटाला एवढंच हवं होतं, की डब्लिनच्या एका मोठ्या फर्निचरच्या दुकानाने आपलं लाकूड कुठून येतं ते जाहीर सांगावं. मॅनेजर म्हणाला, "गिऱ्हाइकांच्या सह्या आणा, सोमवारपर्यंत. मग वर विचारतो."

गिऱ्हाइकं कुठे भेटतील ते मला पक्कं माहीत होतं. मंडळात तेव्हा जो तो घर घेत होता आणि जेवताना विषय एकच, लाकडी फ्लोअरिंग. मी कमिटीकडे टेबल मागितलं. त्यांनी दिलं, चपलांच्या शेजारी. चालेल म्हटलं.

पत्रक दुमडलेलं होतं. आत मजकूर, तळाशी सहीची जागा, बाहेर फक्त क्वोलचा चेहरा. बाहेर एक अक्षर छापायचं नाही, चेहरा बघून माणूस उघडतोच, असा आमच्या गटाचा नियम. मी तो डोळे मिटून पाळला. पत्रकांचा खोका किचनमध्ये ठेवला आणि आरतीला उभी राहिले.

परत आले तर नागपूरहून मुलाकडे आलेल्या एक काकू माझ्या पत्रकांत रव्याचे लाडू बांधत होत्या. भराभर, एकसारख्या पुड्या. खोका जवळजवळ रिकामा.

"काकू! माझी पत्रकं आहेत ती!"

"काहून ओरडतेस बाई? कागदी डिशा संपल्या. मला वाटलं, प्रसादाचेच कागद. बाप्पाचा उंदीर छापला आहे ना वर."

"तो उंदीर नाहीये. तो उंदीर खातो."

"शुभ बोल वं, बाप्पासमोर!"

मागून कमिटीतले एक दादा हसले. "अगं, घरोघरी पोचलं की तुझं पत्रक! एवढं डिस्ट्रिब्युशन कुणाला मिळतं?" सगळं किचन हसलं.

मी दाराशी जाऊन उभी राहिले. "पुडी उघडा, आत वाचा, सही करा." एक वहिनी म्हणाल्या, "प्रसाद आहे गं, सांडेल, घरी जाऊन करते." त्यांचे मिस्टर म्हणाले, "हात चिकट आहेत, नंतर नक्की." प्रसादाला कुणी नाही म्हणत नाही, त्यामुळे एकूण एक क्वोल तुपकट होऊन पर्समध्ये गेला.

रविवारी फोन केले. त्याच वहिनी म्हणाल्या, "तो कागद होय? टाकला गं, मुंग्या येतील म्हणून."

सोमवारी माझ्या हातात चार कागद होते. त्यातल्या एकावरची सही तुपात फुटलेली. मॅनेजरने ते चिमटीत धरले, "ग्रँड", म्हणजे तिथलं 'ठीक आहे', म्हणाला आणि ड्रॉवरमध्ये सरकवले. मी २०१९ मध्ये आयर्लंड सोडलं तोवर उत्तर आलं नाही.

काकूंवर माझा राग नाही. त्यांनी निदान त्या प्राण्याचं तोंड पाहिलं, त्याला काहीतरी समजल्या. ते तोंड कुणाचं हे मीच बाहेर छापलं नव्हतं. राग आहे तो 'नंतर नक्की'वर. तिथे शिकलेली, रोज दहा फॉर्म भरणारी माणसं होती. वाचायला दोन मिनिटं लागली असती.

तुम्ही इथवर वाचलंत, म्हणजे तुमचे हात चिकट नाहीत. घरातलं टेबल, दार, फ्लोअरिंग ज्याने विकलं त्याला फोन लावा. लाकूड कुठल्या जंगलातलं, विचारा. 'बघून सांगतो' म्हणाला तर फोन ठेवू नका. आणि हे नंतर नाही, आत्ता करा.