गळत नसल्याची तक्रार

डांबरकाका आमच्या प्रार्थनाघरात सव्वीस वर्षं नेमाने आले आणि सव्वीस वर्षांत एकदाही मोजले गेले नाहीत. यात कुणी त्यांचा अपमान करत नव्हतं. नियमच तसा होता.

आम्ही ज्यू, त्यातही प्रगतिशील. म्हणजे आमच्यात बायका-पुरुष एकत्र बसतात, आमची रब्बी, म्हणजे धर्मगुरू, ही बाई आहे, आणि ऊठसूट कशावरही मतदान होतं. धर्मग्रंथ ठेवायच्या पवित्र कपाटाच्या पडद्याचा रंग ठरवायला तीन सभा झाल्या आणि शेवटी जुनाच पडदा धुऊन लावला. पण सामुदायिक प्रार्थनेला दहा माणसं लागतात, त्यावर मतदान नाही. बायका धरून दहा, पण दहा म्हणजे दहा, आणि दहाही आपल्यातलेच.

ही दहा माणसं एक-दोन-तीन अशी मोजायची नाहीत, असा जुना रिवाज. माणसं म्हणजे काही बटाटे नव्हेत. म्हणून दहा शब्दांचं एक वचन म्हणतात, दर माणसामागे एक शब्द. आमच्याकडे हे काम घड्याळजी करतात. घड्याळं दुरुस्त करून त्यांच्या बोटाला इतकी अचूक सवय लागली आहे, की खुर्च्यांच्या रांगेवरून ते बोट सरसर फिरतं आणि शेवटच्या खुर्चीतल्या डांबरकाकांच्या डोक्यावरून, न थांबता, भिंतीवर जातं.

डांबरकाका जन्माने आमच्यातले नव्हते. त्यांची बायको माझी मावसबहीण, वयाने धाकटी आणि हट्टाने थोरली. पूर्वी आमचं छप्पर गळून पवित्र कपाटावर पाणी पडायला लागलं, तेव्हा ते बंद करायला हा माणूस आला. तीन आठवड्यांत काम झालं. पुढे महिनोन्महिने हा दर बुधवारी ‘एकदा बघून जातो’ म्हणून यायचा. तिच्या आईच्या लक्षात यायच्या आधी माझ्या लक्षात आलं, कारण कोरड्या छपराकडे कोणी इतका वेळ बघत नाही. लग्न झालं. नखांतलं डांबर मात्र लग्नातही गेलं नाही, म्हणून डांबरकाका.

धंदा छपरं, गच्च्या आणि पन्हळी यांचा. बोलणं बेताचं. कुणाच्याही घरी गेले की यजमानाला नमस्कार करायच्या आधी छताकडे बघायचे. आजाऱ्याला भेटायला गेले तरी आधी छत. ‘एक थेंब नाही’ हे त्यांच्या पाटीवर लिहिलेलं होतं आणि तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नव्हती. दर बुधवारी ते बायकोला संध्याकाळच्या प्रार्थनेला घेऊन येत आणि शेवटच्या खुर्चीत बसून राहत. सणांची सगळी अंगमेहनत त्यांच्याकडे. नव्या वर्षाला खुर्च्या मांडणं, दिव्यांच्या आठ दिवसांत शिडीवर चढणं. मुलांच्या नाटकाच्या सणाला त्यांना भूमिका हवी का विचारलं, तर म्हणाले, “मी राजवाड्याचं छप्पर धरतो.” सलग अकरा वर्षं त्यांनी पुठ्ठ्याचं छप्पर धरलं.

मी एकदा विचारलं होतं, “भावजी, इतकी वर्षं येताय, मग रीतसर आमच्यात का येत नाही?”

“ती आहे ना आत,” ते म्हणाले. “एका घरातून एक पुरे.”

गेल्या वर्षी मांडवाच्या सणाच्या आठवड्यात ती गेली. आजार दोन महिन्यांचा. बुधवारच्या प्रार्थनेला येणारी आम्ही माणसं बरोबर दहा, त्यातली दहावी ती. आता घड्याळजींचं वचन नवव्या शब्दावर अडकायला लागलं. मूळ भाषेत तो नववा शब्द म्हणजे ‘पर्यंत’. दहावा शब्द ‘सर्वकाळ’. दर बुधवारी घड्याळजी ‘पर्यंत’ला येऊन थांबायचे, आणि आम्ही नऊजण दाराकडे बघत बसायचो. शेवटच्या खुर्चीत एक माणूस बसलेला असायचा.

दुसऱ्या महिन्यात डांबरकाका रब्बीबाईंकडे गेले. म्हणाले, “मला आत घ्या. तिच्या वर्षदिनाला मला दहावं उभं राहायचंय.”

दहा नसतील तर दिवंगतांसाठीची प्रार्थना आमच्याकडे म्हणत नाहीत. अर्थात फोन करून कुणाला तरी बोलावता येतं, आम्ही अधूनमधून बोलावतोही. मी ते सुचवलंही. त्यावर ते म्हणाले, “ताई, तिच्या जागेवर तुम्ही बदली कामगार उभा करणार?” मी सूचना मागे घेतली. असं माझं क्वचित होतं.

रब्बीबाईंनी सांगितलं, वर्षदिनापर्यंत अभ्यास करायचा, वर्षाचे सगळे सण आमच्याबरोबर पाळायचे, मग तिघांच्या समितीपुढे बसायचं. समितीने होकार दिला की पाण्यात बुडी घ्यायची, झालं. वर्षदिन यंदा मांडवाच्या आठवड्यातल्या बुधवारी येत होता. समिती ठरली मंगळवारी. म्हणजे मध्ये एक रात्र. समितीचं तळ्यात-मळ्यात झालं तर संपलंच.

अभ्यास त्यांनी मन लावून केला. एकोणसाठाव्या वर्षी उजवीकडून डावीकडे वाचायला शिकले. “उतार उलटा आहे, एवढंच,” म्हणाले. उपासाच्या दिवशी दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी शिडीवर चढून दिवा बदलला. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. मग मांडव आला.

हा सण सात दिवसांचा. अंगणात मांडव घालून त्यात जेवायचं, जमलं तर झोपायचं. आमचे पूर्वज रानोमाळ भटकत होते त्याची आठवण म्हणून. छप्पर कापलेल्या फांद्यापानांचं. इतकी वर्षं तो आमच्यातल्या दंतवैद्यांचे भाचे कसाबसा बांधत आणि तो दरवर्षी कुणाच्या तरी डोक्यावर पडे. यंदा रब्बीबाई म्हणाल्या, “काका, मांडव तुम्ही बांधा.” त्यांना वाटलं, आपण त्यांचा मान ठेवतोय.

काकांनी चार दिवस दुसरं काम घेतलं नाही. गुरुवारी दुपारी आम्हाला बोलावलं. मांडव बघून मी थक्क झाले. फांद्या कौलांसारख्या एकावर एक रचलेल्या, उतार मोजूनमापून, कडेला बांबू चिरून केलेली पन्हळ. काकांनी बागेचा पाइप घेतला आणि छपरावर पाण्याचा फवारा सोडला. दहा मिनिटं. आम्ही आत उभे. पाणी पन्हळीतून शिस्तीत वाहून गेलं.

“एक थेंब नाही,” काका म्हणाले. “दहा वर्षांची गॅरंटी.”

सण सात दिवसांचा आहे, हे कुणीच बोललं नाही.

रब्बीबाईंनी वर बघितलं. मग खाली बघितलं. मग म्हणाल्या, “काका, हा मांडव बाद आहे.”

“काय?”

“यातून चांदण्या दिसायला हव्यात. आणि पाऊस आला तर आत यायला हवा.”

“आत यायला हवा?”

“हो. नाहीतर ते घर झालं. मी पुस्तकातलं पान दिलं होतं तुम्हाला.”

“दिलं होतं,” काका म्हणाले. “मला वाटलं, ज्यांना नीट बांधता येत नाही त्यांच्यासाठी ती सवलत आहे.”

दंतवैद्य हसले. ते समितीवर होते, त्यांनी हसायला नको होतं. काकांनी पाइप गुंडाळला. “तीस वर्षांत एक तक्रार नाही,” ते म्हणाले, “आणि पहिली आली ती गळत नाही म्हणून. गळका मांडव बांधायला मी कशाला पाहिजे? तो कोणीही बांधेल. रब्बीबाई, माझं नाव मंगळवारच्या यादीतून काढा.” आणि गेले.

“आता?” रब्बीबाईंनी मला विचारलं. मोठी विद्वान मुलगी, पण अशा वेळी हातपाय गाळते.

“आता काय, तुम्ही नाव काढू नका,” मी म्हटलं, आणि चपला घालून त्यांच्या घरी गेले.

काका स्वयंपाकघरात होते. भांडी घासत होते. तिथे मोरीच्या वर, उतरत्या छपरात एक काचेची खिडकी आहे. तिच्या फटीत एक लाकडी चमचा अडकवलेला आणि खाली ओट्याच्या कडेला एक वाडगं. वाडग्यात बोटभर पाणी.

“भावजी,” मी म्हटलं, “तुमच्या घरात गळतं?”

चोरी पकडली गेल्यासारखा त्यांनी आधी दरवाजा लोटला. “हळू बोला.”

“धंद्याची पाटी दारावर, आणि घरात वाडगं?”

“तिला भांडी घासताना आकाश दिसायला हवं होतं आणि वारा यायला हवा होता. मी लग्न झाल्या-झाल्या बंद करायला निघालो, तर म्हणाली, बंद केलीस तर यापुढे भांडी तू घासायचीस. मग राहू दिलं. सव्वीस वर्षं वाडगं मी ओततोय.”

“आणि आता? आता भांडी तुम्हीच घासताय. बंद का नाही केली?”

त्यांनी एक ताट दोनदा घासलं.

“बरं,” मी म्हटलं, “तिथे मघाशी काय म्हणत होतात, गळकं छप्पर कोणीही बांधेल? तुम्ही तर एक सव्वीस वर्षं सांभाळलंय. असा अनुभव दंतवैद्यांच्या भाच्यांना नाही. मी जाते. माझी बस आहे.”

बस नव्हती. पण अशा ठिकाणी जास्त थांबलं की माणसं रडतात, आणि मला ते झेपत नाही.

शुक्रवारी सकाळी काका शिडीवर होते. एकेक फांदी उपसत होते, दात उपटल्यासारखे चेहरे करत. जरा मोकळं झालं की हात आपोआप पान सरकवून भोक बुजवायचा. मग स्वतःच्या हाताला रागावून ते पान परत काढायचे. संध्याकाळी सण लागला तेव्हा आत बसून वर चंद्र दिसत होता आणि काका खाली मान घालून जेवत होते. आयुष्यात प्रथमच ते एका छताकडे बघायला तयार नव्हते.

मंगळवारी संध्याकाळी समिती मांडवातच बसली: रब्बीबाई, घड्याळजी, दंतवैद्य. नातेवाईक म्हणून मला वगळलं होतं, पण चहा कुणीतरी द्यायलाच हवा होता. मी तो सावकाश दिला.

वर्षभराच्या अभ्यासावरचे प्रश्न झाले, ते ठीक. मग दंतवैद्यांनी चष्मा काढला. “काका, स्पष्टच विचारतो. हे सगळं बायकोसाठी चाललंय ना? उद्या प्रार्थना झाली की तुम्ही परवापासून येणार का? आणि देवावर तुमचा विश्वास आहे का?”

काकांनी कप खाली ठेवला. “बुधवारी मी सव्वीस वर्षं येतोय,” ते म्हणाले. “परवापासून कुठे जाऊ? आणि दुसऱ्याचं सांगतो. गळतीचा डाग भिंतीवर जिथे दिसतो ना, पाणी तिथून कधीच आलेलं नसतं. कुठून तरी लांबून, आतल्या आत सरकत आलेलं असतं. तीस वर्षं मी वर चढून शोधतोय. पुष्कळ वेळा सापडत नाही. पण पाणी येत नाही असं मी एकदाही म्हटलेलं नाही.”

दंतवैद्यांनी चष्मा परत लावला. तेवढ्यात त्यांच्या काचेवर एक थेंब पडला.

मग दुसरा, घड्याळजींच्या कागदावर. मग पाऊसच सुरू झाला, अगदी मनापासून. पाऊस इतका आला की सूप पातळ होईल, तर मांडव सोडून आत जायची आमच्यात मुभा आहे. दंतवैद्यांनी चहात बघितलं आणि म्हणाले, “माझा चहा कपात मावत नाहीये. आत जाऊया.”

“एक शेवटचा प्रश्न,” रब्बीबाई म्हणाल्या. केस त्यांच्या गालाला चिकटले होते. “काका, छप्पर कसं झालंय?”

काकांनी पहिल्यांदा वर बघितलं. पाणी त्यांच्या कपाळावर, नाकावर, शर्टाच्या खिशातल्या मोजपट्टीवर पडत होतं.

“गळतंय,” ते म्हणाले.

“कुठे?”

“सगळीकडे.” आणि थोड्या वेळाने, “एकसारखं.”

समितीने आत जाऊन अंग पुसलं आणि होकार दिला. चार मिनिटं लागली, त्यातली तीन अंग पुसण्यात.

बुधवारी सकाळी तळ्यावर बुडी. अंगाचा एक केसही कोरडा राहता कामा नये, हा नियम ऐकून काका म्हणे घड्याळजींना म्हणाले, “हे मला कधीच जमलेलं नाही.” पहिल्या बुडीला टाळू वर राहिली. दुसऱ्या बुडीलाही तीच. तिसऱ्या वेळी घड्याळजींनी काठावरून ओरडून सांगितलं, “काका, गॅरंटी सोडा!” तेव्हा ते पूर्ण खाली गेले.

संध्याकाळी आम्ही नेहमीचेच सगळे होतो. काका नेहमीच्याच शेवटच्या खुर्चीत, ओल्या केसांचा भांग पाडून. पुढे बसा म्हटलं, तर म्हणाले इथून छत बरं दिसतं. घड्याळजी उठले आणि वचन म्हणायला लागले. बोट पहिल्या रांगेवरून फिरलं, दुसऱ्या रांगेवरून फिरलं, माझ्यापाशी आलं. माझा शब्द नववा. “पर्यंत,” घड्याळजी म्हणाले, आणि सवयीने थांबले.

सगळ्यांनी सवयीनेच दाराकडे बघितलं.

“अहो, पुढे,” मी म्हटलं.

घड्याळजींचं बोट जरा हललं, भिंतीकडे निघालं, आणि मागे येऊन काकांवर टेकलं. त्यांनी दहावा शब्द म्हटला.

“हजर,” काका म्हणाले.

“हजेरी नाही चालली, काका,” घड्याळजी म्हणाले. “उभे राहा. पान एकशे बारा.”